नाक्यावरची टोपली

होळ्या जागल्याच्या हातात बांधलेलं गाठोडं दिलं की तो ते आधी सोडून बघायचा. मग ते पाटलाच्या सुनेला माहेरहून आलेल्या भुईमुगाच्या शेंगांचं असो, नाहीतर शाळेसाठी तालुक्याहून आलेल्या पाट्यांचं. देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सोडायचा, आत हात घालून चाचपायचा, पुन्हा नीट गाठ मारायचा आणि मगच चालू लागायचा. त्यातलं दाणाभरही त्याने कधी घेतलं नाही, तरी लोक चिडायचे. लाखेचं पाकीट फोडलं म्हणून एका फौजदाराने त्याला चावडीपुढे दिवसभर उन्हात उभं केलं होतं. होळ्या उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी हाती आलेलं पाकीटही त्याने फोडलं.

मी १९३८ साली नवापूरच्या सरहद्दीवरच्या त्या डोंगरी गावात मास्तर म्हणून गेलो. मी शहाद्याकडचा, घरची बोली अहिराणी. गावाची बोली मावची. शाळेच्या पुस्तकातली मराठी दोघांनाही सारखीच परकी. होळ्या माझ्याशी बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोले. जागल्या म्हणजे गावाची राखण करणारा, सांगावे पोचवणारा, कोण जन्मलं कोण मेलं ते चावडीवर कळवणारा. पन्नाशीचा काटक माणूस, आणि डाव्या मनगटाला लहान पोरींच्या गळ्यात असते तशी लाल मण्यांची माळ गुंडाळलेली. पहिल्याच आठवड्यात मी त्याला टोमणा मारला, "काय होळ्या, बायकोनी माळ घाली लिधी का रे?" तो हसला नाही. मला तेव्हाच अक्कल यायला हवी होती.

ती यायला दोन वर्षं लागली, आणि तीही एका निबंधाच्या पायी. नवापूरला वाचनालयात व्याख्यानं व्हायची, तिथे आपणही काही वाचावं अशी मला हौस आली. विषय घरबसल्या सापडला. आमच्या गावाच्या खालून नदी जाते. तेव्हा अलीकडचा मुलूख इंग्रजांचा आणि पलीकडचा संस्थानचा. दोन्ही तीरांवर एकच माणसं, एकच बोली, सोयरिकी नदी ओलांडून. फक्त साहेब वेगळे. अठरा सालची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, दोन्ही तीरांवर एकाच पंधरवड्यात आली. मग कोणत्या सरकारने काय केलं, याचे मी दोन रकाने पाडले.

अलीकडच्या रकान्यात फारसं काही नव्हतं. छापील जाहीरनामा आला होता, तो रेवजी पाटलाने चावडीवर वाचून दाखवला. रोग्यास हवेशीर खोलीत निजवावे, दूध द्यावे. कुडाच्या झोपडीत वारा नको म्हटलं तरी घुसतो, आणि त्या साली पाऊस दगा देऊन गेलेला, गाईंच्या आचळांत दूध नव्हतं. शिवाय दर आठवड्याला मेलेल्यांचा आकडा कळवायचा होता. तेवढं मात्र चोख झालं. पलीकडच्या गावांत शाळामास्तरांकडे औषधाच्या पुड्या आल्या होत्या, नाक्यावरच्या माणसांना तोंडाला फडकं बांधायचा हुकूम होता, आणि माणसांची ये-जा बंद केली होती. मी संस्थानला शंभरांपैकी साठ गुण दिले, आमच्या सरकारला पंचवीस. मास्तर माणूस, गुण दिल्याशिवाय चैन पडत नाही.

आता फक्त गावात किती माणसं गेली ते हवं होतं. मी होळ्याला शाळेच्या ओट्यावर बसवलं, दोन्ही सरकारांचे गुण ऐकवले आणि विचारलं. त्याने आकडा सांगितला नाही. नावं सांगायला लागला, घरामागून घर. एकेचाळीस नावं झाली. शेवटची दोन त्याच्याच घरची होती, बायको जमुना आणि सात वर्षांची धनी. मग पेन्सिल खाली ठेव म्हणाला, आणि पुढचं सांगितलं.

जमुना गेली त्याला चार दिवस झाले होते आणि धनी तापाने फणफणली होती. ओठ निळे पडलेले, श्वास लागलेला. होळ्याची थोरली बहीण गंगीबाई पलीकडच्या तीरावर दिलेली. तिच्या दोन्ही पोरांना ताप आला होता, तिकडच्या मास्तरच्या पुड्यांनी उतरला होता, असं कुणीतरी तीरावरून ओरडून सांगितलं होतं. नदीत पाणी गुडघाभरच, पण नाका बंद. पोरीला जगवायचं तर करायचं काय, एवढी एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती.

त्या दिवशी सकाळी तो नदीवर पाणी भरायला उतरला. पलीकडून नाकेदार आला, गुजरातकडचा भला माणूस, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. त्याने सरहद्दीच्या दगडावर एक टोपली ठेवली. वरून लाल फडकं बांधलेलं, लांबून दिसावं म्हणून. आणि तिथूनच हात हलवून ओरडला, "दवा मूकी छे! लई जाओ!"

फडक्यातून आणि वाऱ्यातून होळ्याला ऐकू आलं ते असं: देवी मूकी छे, लई जाओ. देवी ठेवली आहे, घेऊन जा.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, नाहीतर शहरातला वाचक त्याला खुळा म्हणेल. त्या डोंगरांत साथ आली की गाव ती टोपलीत घालून बाहेर काढतं. टोपलीत दाणे, मातीचा घोडा, कोंबडीचं पिल्लू, वर लाल फडकं. ती शिवेवर ठेवायची आणि देवी ठेवली म्हणून हाळी द्यायची. पुढच्या गावाने ती उचलून आपल्या पलीकडच्या शिवेवर न्यायची. नेणाऱ्याने बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, आणि टोपली उघडायची तर मुळीच नाही. उघडली की देवी त्याच घरात राहते. त्यामुळे सरहद्दीच्या दगडावरची लाल फडक्याची टोपली पाहून त्या मुलखातला कुठलाही शहाणा माणूस जे समजला असता तेच होळ्या समजला. नाकेदार खालच्या शहरातून आलेला, त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

होळ्याने धनीला शेजारच्या तुळशीबाईच्या ओटीत दिलं. ती स्वतः खोकत होती. मग टोपली डोक्यावर घेऊन निघाला. रीतीप्रमाणे त्याने गावाच्या दुसऱ्या शिवेपर्यंतच न्यायची होती. तिथे ठेवून त्याने हाळी दिली, पण पुढच्या गावात उठून यायला कुणी धड नव्हतं. टोपली तिथेच राहिली तर देवी माघारी यायची, धनीकडेच यायची. म्हणून त्याने ती पुन्हा उचलली. ते गाव ओलांडलं, त्याच्या पुढची दोन ओलांडली, चौथ्या गावात ओसरीवर दोन मढी झाकून ठेवलेली दिसली, तिथेही थांबला नाही. पोटात कालपासून काही नव्हतं. विसरवाडीच्या अलीकडच्या रानात एका मोहाखाली त्याने टोपली उतरवली. आजवर कुणी देवी एवढी लांब नेली नव्हती. परतताना त्याला वाटलं, आता पोर वाचली. त्या वाटेवर मी चक्क पळत आलो, मास्तर, असं त्याने मला दोनदा सांगितलं.

ऊन उतरायच्या सुमाराला तो घरी पोचला. तुळशीबाई दाराबाहेर बसली होती. ती आत का नाही, हे त्याला विचारावं लागलं नाही.

दिवाळीनंतर नाका उघडला आणि गंगीबाई भावाकडे रडायला आली. रडून झाल्यावर तिने विचारलं, औषध पोरीला किती वेळा दिलंस? होळ्याला कळेना. ती म्हणाली, पोरीच्या तापाचं तीरावरून कळलं तशी आमच्या मास्तरच्या पाया पडून मी पुड्या मागून घेतल्या, नाकेदाराच्या हातात दिल्या, त्याने माझ्यादेखत टोपलीत घातल्या आणि आपलं लाल फडकं बांधलं. धनी मागे माझ्याकडे विसरून गेली होती ती तिची माळ पण आत टाकली होती, म्हणजे तुला कळेल की माझ्याकडून आहे.

होळ्या बहिणीला तशीच बसवून रानाकडे धावत सुटला. टोपली मोहाखालीच होती. देवीच्या टोपलीला कोण हात लावणार? वाळवीने बूड खाल्लं होतं, फडकं विटलं होतं, पुड्या पहाटेच्या दवाने भिजून त्यांचा दगड झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने देवीच्या टोपलीची गाठ सोडली, तेव्हा वरच लाल मण्यांची माळ होती. फडक्याचं एक टोक उचललं असतं तरी दिसली असती.

"उघाडीसन दखं नही मी," तो म्हणाला. "मन्हा डोकावरी दवा, नि मी तिले पोरपाईन दूर लई गऊ. चार गाव दूर."

मास्तराची जीभ गप्प बसत नाही. मी डॉक्टरांच्या पुस्तकांत वाचलं होतं की त्या पुड्यांनी मानमोडीवर काहीच होत नव्हतं. जगणारी जगली, मरणारी मेली. त्याचं ओझं उतरेल असं वाटून मी ते सांगून टाकलं.

"मंग गंगीना पोरे कसा जगनात?"

मी पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"नि त्या दवाना काही उपेग नव्हता," तो सावकाश म्हणाला, "तं तुम्ही पल्याडना सरकारले चांगला कसाले म्हना?"

बावीस वर्षं तो पोरीला आपण मारलं असं मानून जगला होता, आणि मी त्याच्या हातून तेही काढून घेतलं. बदल्यात दिलं काय, तर काही करण्यासारखं नव्हतंच, एवढंच. मला माझाच राग आला. रागारागाने मी रात्री तो निबंध फाडायला हवा होता. फाडला नाही. मेहनत घेतली होती, अक्षर चांगलं आलं होतं. एकेचाळीस हा आकडा भरला, शाईने गुण लिहिले आणि सकाळी गुंडाळी दोऱ्याने बांधून वाचनालयात पोचवायला होळ्याच्याच हातात दिली.

त्याने नेहमीप्रमाणे दोरा सोडला. त्याला वाचता येत नव्हतं. शाळेच्या ओट्यावर उकिडवा बसून त्याने एकेक कागद उलटला, उन्हात धरला, मागून पाहिला, शेवटी सगळे एकत्र धरून जमिनीवर झटकले. मी विचारलं, काय बघतोस रे?

"यामा तं काहीच नही शे, मास्तर," तो म्हणाला.

मग त्याने कागद नीट जुळवले, दोऱ्याला गाठ मारली आणि गुंडाळी काखेत धरून नवापूरच्या वाटेला लागला.