ट्रॅक्टरची झूल

त्या मिस्त्रीचं नाव आम्ही विचारलंच नाही. आमचं सगळं लक्ष त्याच्या बोटांवर होतं.

पासष्टची लढाई संपल्यावर वडिलांनी सगळ्या बैलजोड्या विकून ट्रॅक्टर घेतला. धुळ्याच्या दुकानदारानं बजावलं होतं, सहा महिन्यांत यंत्राचा दोष निघाला तर दुरुस्ती आम्ही करू. तुमची चूक निघाली तर तुमचं तुम्ही बघा. आणि महिन्याच्या आत, पोळ्याच्या मिरवणुकीत, तो मारुतीसमोर वाफा सोडत बंद पडला. रब्बीची नांगरट तशीच राहिली.

दुकानाचा मिस्त्री तिसऱ्या दिवशी आला. पाणीही न घेता त्यानं ट्रॅक्टरवर तळहात टेकवला, गाभण गाईच्या पोटावर टेकवावा तसा.

"काय केलं होतं, आबा?"

"हाऊ आपोआप बंद पडना, भाऊ," वडील म्हणाले. आमच्यापैकी कुणाकडे त्यांनी पाहिलं नाही.

मिस्त्रीनं पंख्यामागे दोन बोटं घातली आणि लाल गोंड्याचा धागा ओढून काढला. पोळ्याला वडिलांनी बैलाची जुनी झूल ट्रॅक्टरच्या तोंडावर बांधली होती. पंख्यानं ती आत ओढली, त्याचा पट्टा तुटला आणि इंजिन तापलं. झूल आम्ही लपवली होती, धागा राहिला.

त्यानं दुकानाचा कागद काढला, पेन्सिल जिभेला लावली आणि रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिला. मग धागा खिशात टाकून लिहिलं, 'पट्टा कच्चा निघाला.'

निघताना तो हळूच म्हणाला, "आबा, हा तोंडानं श्वास घेतो. पुढच्या पोळ्याला झूल पाठीवर घाला."