टाकीखालचा स्क्रू

आमच्या घरातली बंद पडलेली वस्तू सहसा बाहेर जात नसे. मिक्सर, इस्त्री, पंखा, सगळ्यांना दोन-दोन जन्म मिळाले होते. आमचे हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला. मशीन टाकून द्यायची म्हटलं की यांना स्वतःचाच अपमान वाटायचा.

म्हणून माझा छोटा कॉम्प्रेसर हवा धरेना तेव्हा मी निर्धास्त होते. मी घरी लग्नाचे पाट आणि चौरंग स्प्रेने रंगवून देत असे. करमाडच्या एका लग्नाचे अकरा पाट चार दिवसांत द्यायचे होते आणि स्प्रेची गन रंग नुसता थुंकत होती.

यांनी दाढीच्या ब्रशानं साबणाचा फेस केला आणि एकेका जोडाला लावला. जिथं बुडबुडा येईल तिथून हवा जाते. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. व्हॉल्व्ह बदलला, पाइपाचा जोड नवा बसवला, तरी मोटर बंद केली की हवेच्या दाबाचा काटा खाली यायचाच. मी म्हटलं, "अहो, कारखान्यात एवढा वेळ लावला असता तर साहेबांनी हाकलून दिलं असतं." हे हसले नाहीत.

शेवटी यांनी हवा साठते त्या टाकीच्या पोटाला फेस फासला आणि दाढीचा आरसा खाली सरकवला. आरशात मलाच आधी दिसलं. तळाच्या स्क्रूशेजारी बारीक बुडबुडे निघत होते.

तो स्क्रू माझ्या ओळखीचा होता. कॉम्प्रेसर नवा असताना मी तो एकदा सैल केला, तर सूं करून हवा सुटली आणि पुसलेल्या फरशीवर पाणी सांडलं. तेव्हा हे ओरडले होते, "हात नको लावू तिथं, ते माझं काम हाय." हवेतलं पाणी टाकीत साठतं, ते तिथून काढायचं असतं. पहिले काही महिने हे दर रविवारी काढत. मग ओव्हरटाइम सुरू झाला आणि रविवार गेले. मी सहा वर्षं त्या स्क्रूला बोट लावलं नाही. कोण ऐकून घेणार?

गल्लीतला वेल्डर बघून म्हणाला, "लई काय नाय वहिनी, दोन टाके मारतो, संध्याकाळी चालू." मला तेच हवं होतं.

यांनी स्क्रू उघडला. हवा गेली, मग तांबडं पाणी आलं, त्यात गंजाच्या खपल्या. हे आतून ड्रिल घेऊन आले आणि टाकीला सरळ भोक पाडलं. कारखान्यात टाकी बाद केली की असंच करतात, म्हणजे भंगारातूनही ती कोणी पुन्हा वापरत नाही. मी भडकले.

"आता माझे पाट कसे व्हायचे?"

"आधी पत्रा बघ," हे म्हणाले. भोकाच्या कडेला तो पापडाएवढा पातळ उरला होता. "इथं जोडला तर शेजारी फुटंल. अन् तू रोज हिला टेकून बसतीस."

खरं होतं. मी टाकीला गुडघा लावूनच रंगवत असे, थंडीत ती कोमट लागायची. माझा राग गेला आणि मी टाकीपासून मागे सरकले.

पाट ब्रशानं रंगवले. ड्यूटीवरून आले की हे रंगाचा दुसरा हात मारायला बसत. दोन पाटांवर रेघा राहिल्या, पण लग्नघरी कोणी काही बोललं नाही.

नवा कॉम्प्रेसर आला त्या दिवशी यांनी मोटर चालू करायच्या आधी मला खाली बसवलं. माझं बोट धरून टाकीखालच्या स्क्रूवर ठेवलं.

"रोज संध्याकाळी उघडायचा. हे तुझं काम. मला विचारायचंबी नाय."