छत्तीस आणि बारा

बाबांनी अट घातली तेव्हा मी नुकतीच आठवीत गेले होते. मिडल स्कूलच्या मुलांसाठी जिल्ह्याची गणित स्पर्धा असायची. तिच्यात पहिला नंबर आला तर नववीत गणित, नाही तर गृहविज्ञान. आमच्या मुलींच्या शाळेत नववीपासून गणित नव्हतंच. ते घ्यायचं तर मुलांच्या शाळेत नाव घालावं लागणार, आणि चार लोकांना सांगायला बाबांना काहीतरी सबब हवी होती. 'जिल्ह्यात पहिली आली' ही सबब त्यांना चालणार होती. त्यातून त्यांचं ऑफिस भोपाळला हलवायच्या गोष्टी चालल्या होत्या, त्यामुळे त्यांचा पारा बाराही महिने चढलेला असायचा. हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. मला मात्र गृहविज्ञानाचा मनापासून राग होता. भाजी चिरायला पुस्तक कशाला लागतं, हे मला आजही कळलेलं नाही.

तयारीसाठी मास्तर मिळाले ते आमच्या इंदुरातल्या स्नेहलतागंजातले. शाळेतली नोकरी त्यांनी कधीच सोडलेली होती आणि ते शिकवण्या घेत नसत. पण आईबरोबर मी त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी आईकडे न बघता मला विचारलं, "वय किती?" मी म्हटलं, "बारा." ते म्हणाले, "उद्यापासून चार वाजता ये." आईला वाटलं, पोरीची हुशारी चेहऱ्यावर दिसते. मलाही तसंच वाटलं.

जिना चढून गेलं की दाराशी चपलांचा एक जोड असायचा. माझ्याच मापाचा, लहान, पट्टे पुसलेले. घरात तर मास्तर आणि काकू दोघंच. एकदा पळत निघताना मी चुकून त्याच चपला पायात घातल्या आणि त्या इतक्या बेताच्या बसल्या की कोपऱ्यापर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. मागून काकू आल्या. मोठ्या माणसांसारखं काही बोलतील, रागावतील असं वाटलं. त्या रस्त्यावरच खाली बसल्या, माझ्या पायांतून चपला काढून घेतल्या, माझ्या मला घातल्या आणि परत गेल्या. तेव्हापासून मी दाराशी नीट बघून पाय घालायला लागले.

मास्तर शिकवायचे फार सुंदर, ते कबूल केलंच पाहिजे. पाण्याचा हौद, दोन नळ, एक गळती. कामाला लागलेले पाच मजूर. आगगाडी आणि पूल. ते फळ्यावर दोन रेघा ओढायचे आणि सगळा गुंता सुटायचा. मी जे एक पान भरून करत होते ते त्यांच्याकडे तीन ओळींत व्हायला लागलं. पण रोज उठायच्या आधी शेवटचं एक उदाहरण ठरलेलं असायचं. वडिलांचं वय छत्तीस, मुलीचं बारा. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलीच्या वयाच्या चौपट होईल?

पहिल्या दिवशी मी ऐटीत सांगितलं, "होणार नाही, सर. चार वर्षांपूर्वी होतं. वडील बत्तीस, मुलगी आठ. आता पुढे पट कमीच होत जाणार."

"बारा वर्षांनी," मास्तर म्हणाले. "अठ्ठेचाळीस आणि बारा."

"पण सर, तोपर्यंत मुलगी पण मोठी होईल ना?"

त्यांनी खडूनं बाराच्या खाली रेघ मारली. "मुलीचं वय दिलेलं आहे. जे दिलंय ते बदलायचं नाही, बेटा." आवाज चढवला नाही, काही नाही. ते इतक्या शांतपणे बोलले की माझ्याच हिशेबात खोट आहे असं मला क्षणभर वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी साडेतीनपट. तिसऱ्या दिवशी सव्वातीनपट. पट बदलायची, छत्तीस आणि बारा तेच. पहिला आठवडा मी वाद घातला. पण त्यांच्या मनातलं उत्तर वहीत उतरल्याशिवाय ते उठू देत नसत, आणि संध्याकाळी त्या खोलीत उजेड कमी झाला की मला तिथे बसवत नसे. मग मी हट्ट सोडला. उदाहरण पडलं की मुलगी तशीच ठेवायची, वर्षं फक्त वडिलांना लावायची, उत्तर लिहायचं आणि जिना उतरायचा. पुढे पुढे तर मी ते न वाचताच करू लागले.

स्पर्धेला तीन आठवडे असताना मला तेरावं लागलं. मास्तर अजूनही अधूनमधून वय विचारायचे, मी 'बारा' म्हणायचे, ते फळ्याच्या कोपऱ्यात तो आकडा लिहायचे. त्या दिवशी मी खडू घेऊन स्वतःच मोठ्या हौसेनं तेरा लिहिलं. मास्तरांनी ते हातानं पुसलं, तिथे बारा लिहिलं आणि म्हणाले, "बाराच धर." मग हौदाचं उदाहरण सांगायला लागले.

पाणी प्यायचं निमित्त करून मी आत गेले. काकू पोहे निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमच्या मुलीला तेरावं लागलंच नाही. विषमज्वर झाला होता. बारा वर्षं झाली त्याला. हे कधी बोलत नाहीत, तू पण ह्यांच्यासमोर काढू नकोस हाँ." जरा थांबून म्हणाल्या, "आणि तुला यायची भीती वाटत असेल तर येऊ नकोस. मी सांगीन ह्यांना काहीतरी."

आता छत्तीस कोण आणि बारा कोण, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. शहाणी मुलगी घरी जाऊन आईला सांगती. मी नाही सांगितलं. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद, आणि मला पहिला नंबर हवा होता. मी रोज चार वाजता जात राहिले, तेरा वर्षांची असून बारा म्हणत राहिले, आणि संध्याकाळी त्या मुलीला जागच्या जागी उभी ठेवून येत राहिले. मला ह्याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

स्पर्धा तुकोगंजातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी होती. लेखी परीक्षेतून तिघं निवडले, फळ्यावरच्या फेरीत एक गळला, आणि शेवटी मी आणि चष्मेवाला एक मुलगा बरोबरीत उरलो. दोघांना दोन फळे, पाठीला पाठ. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. मास्तर अगदी मागे दाराजवळ उभे होते. ते येणार आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. परीक्षकांनी शेवटचा प्रश्न वाचला.

"पिता की आयु पैंतीस वर्ष, पुत्री की ग्यारह. पिता की आयु पुत्री की आयु की चार गुनी कब थी, या कब होगी?"

माझा खडू त्या मुलाच्या आधी खाली पडला. मी लिहिलं होतं: नऊ वर्षांनी.

चष्मेवाल्यानं लिहिलं होतं, तीन वर्षांपूर्वी. बत्तीस आणि आठ. ते वाचल्याबरोबर मला माझी चूक दिसली. परीक्षक भले गृहस्थ असावेत, त्यांनी मला सावरायला संधी दिली. "बेटी, नौ साल बाद पिता चवालीस के. और पुत्री?"

मला बरोबर उत्तर येत होतं. वीस म्हणायचं होतं. मी मागे दाराकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "ग्यारह."

"नौ साल बाद भी ग्यारह?"

"जी."

सगळा हॉल हसला. बाबा खाली बघत होते. त्या सगळ्या हसणाऱ्या तोंडांच्या मागे एकटे मास्तर हसत नव्हते. ते मान डोलवत होते, मी उदाहरण बरोबर सोडवलं की डोलवायचे तशी.

बाबा एकदा बोलले म्हणजे बोलले. त्यांनी टांग्यात एवढंच विचारलं, "एवढं साधं कसं चुकलीस?" मी सांगितलं नाही. आठ दिवस रडून काढले आणि मास्तरांचा इतका राग राग केला की त्या गल्लीचं नाव घरात काढू दिलं नाही. गृहविज्ञानाचा फॉर्म आला. बाबांनी तो भरून टेबलावर ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी मास्तर आमच्या घरी आले. पांढरा कोट, डोक्याला टोपी, लग्नाला निघाल्यासारखे. ते कुणाकडे जातात असं इंदुरात कुणी ऐकलेलं नव्हतं. आईनं चहा ठेवला. बाबा तुटकपणे म्हणाले, "या मास्तर. आता काय, झालं ते झालं."

"चूक तिची नाही," मास्तर म्हणाले. "मी तिला खोटं उदाहरण शिकवलं. रोज शिकवलं. त्यात मुलगी मोठी होत नाही." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "माझी मुलगी वारली, साहेब."

ते वाक्य त्यांनी आधी कधी उच्चारलेलं नव्हतं, हे ऐकतानाच कळत होतं. शब्द एकेक करून, अडखळत आले. आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. माझा राग कुठे गेला कोण जाणे. मला फक्त त्यांनी पुढे बोलू नये असं वाटत होतं.

बाबांचा आवाज खाली आला. टेबलावरचा फॉर्म त्यांनी उचलला, घडी केली आणि खिशात घातला. मला गणित मिळालं ते त्या क्षणी, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. कारण बाबांनी, माणसं विचारतात तसं, अगदी सहज विचारलं, "किती वर्षं झाली, मास्तर?"

चार आकडी गुणाकार तोंडी करणाऱ्या त्या माणसानं उजवा हात पुढे घेतला आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. एक, दोन, तीन. मध्येच चुकले आणि पुन्हा करंगळीपासून सुरू केलं. मला उत्तर माहीत होतं. मी ओठ घट्ट मिटून बसले आणि त्यांना मोजू दिलं.