निरोगी मेंदू हवा होता

गंगापूर रोडवरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी बावीस वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. माणसाला टेबलावर झोपवायचं, कानात बोळे घालायचे, हलू नका म्हणून बजावायचं आणि काचेपलीकडे बसून त्याच्या आतले फोटो काढायचे, हे माझं काम. फोटोत काय दिसतं ते सांगणं डॉक्टर मॅडमचं काम. पण हजारो मेंदू बघितल्यावर डोळ्यांना आपोआप कळायला लागतं. कळलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही, एवढं मी शिकलो होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. नव्या आठवणी पक्क्या व्हायला तो लागतो. अल्झायमरचा पहिला मार बहुतेक वेळा तिथेच बसतो आणि तो भाग हळूहळू आक्रसत जातो. हे सॉफ्टवेअर तो भाग मोजणार होतं आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून दाखवणार होतं. घरच्यांच्या लक्षात येण्याआधीच संशय धरता येईल, असं कंपनीचा इंजिनिअर सांगत होता. सगळं जुळवून बघायला त्याला साठीच्या आसपासचं एक ठणठणीत, तल्लख माणूस हवं होतं. मी डॉक्टर मॅडमना म्हणालो, माझ्या बहिणीला आणतो.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून तिनंच मला वाढवलं. लग्न केलं नाही. शाळेत गणित शिकवायची, आमच्या कॉलनीतल्या बुद्धविहारात रविवारची वंदना घ्यायची. कॉलनीतल्या कुणाच्या मुलाला दहावीला गणितात किती पडले, हे त्याच्या आईपेक्षा ताईला जास्त चांगलं आठवायचं. तिच्या डोक्याबद्दल शंका घ्यावी असं माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

फोनवर विचारलं तेव्हा तिनं उलट मलाच विचारलं, "त्यात डोक्यातलं सगळं दिसतं का रे?" मी हसून म्हणालो, विचार दिसत नाहीत, आकार दिसतो. बरं, येते म्हणाली.

शनिवारी दुपारी ती रिक्षानं आली. गुडघे दुखतात म्हणून वर्षभरापूर्वी तिनं स्कूटी विकली होती. कानात इअरफोन होते. या वयात गाण्यांचा नाद लागला का, म्हणून मी चिडवलं. तिनं ते घाईनं काढून पर्समध्ये टाकले. संमतीचा फॉर्म मात्र तिनं ओळ न ओळ वाचला. घड्याळ आणि कानातलं काढून माझ्या हातात दिलं आणि न सांगता टेबलावर सरळ झोपली.

पहिले फोटो आले तेव्हा मला वाटलं, सकाळच्या पेशंटची फाइल उघडली गेली. मी वरचं नाव वाचलं, वय वाचलं. ताईचंच होतं. मग वाटलं, सेटिंग चुकलं असेल. माइकवरून तिला म्हणालो, ताई, एकदा परत काढतो, हलू नकोस. ती हलली नव्हतीच. दुसऱ्यांदाही तेच आलं. कानशिलांच्या आत जिथे भरीव करडा भाग दिसायला हवा, तिथे दोन्हीकडे काळी पोकळी पसरलेली होती आणि तिच्या कडेला तो भाग पातळ होऊन चिकटून राहिला होता. असे फोटो मी आजवर पुष्कळ काढले होते. पण ती माणसं दुसऱ्याचा हात धरून आत यायची. ही तर एकटी रिक्षानं आली होती.

इंजिनिअर मागून वाकून बघत म्हणाला, "हा कुठला पेशंट लावलाय सर? आपल्याला नॉर्मल व्हॉलंटिअर हवा होता."

काचेतून फक्त ताईचे पाय दिसत होते. मोजे घातलेले, अगदी स्थिर. त्यानं मोजणी लावली. थोड्या वेळानं पडद्यावर दोन लाल चौकटी आल्या, वयाच्या मानानं दोन्ही बाजू कमी. तो खुशीत म्हणाला, चला, सॉफ्टवेअर बरोबर पकडतंय. त्याचा दोष नव्हता, त्याला आमचं नातं माहीत नव्हतं. तरी मी खुर्चीवरून उठलो आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

बाहेर येऊन ताईला घड्याळ दिलं. तिनं विचारलं, "कसं आलं?" मी म्हणालो, छान आलं. आयुष्यात तिच्याशी इतकं सरळ खोटं मी पहिल्यांदा बोललो.

सोमवारी मॅडमनी फोटो बघितले. भाग नक्की आक्रसलाय म्हणाल्या, पण नुसत्या चित्रावरून आजाराचं नाव घेऊ नका, आधी तपासण्या होऊ देत. मी विचारलं, तिला सांगायलाच हवं का? तिला काही त्रास नाही, उगाच कशाला. मॅडमनी फॉर्म माझ्यासमोर ठेवला. 'तपासणीत काही आढळल्यास कळवावे का?' या प्रश्नापुढे ताईनं 'हो' वर खूण केली होती. पेन इतकं दाबून की कागदाच्या मागे वळ उठला होता.

त्या संध्याकाळी बायकोला घेऊन मी ताईच्या घरी गेलो. कसं सांगायचं ते वाटेत दहा वेळा ठरवलं होतं. दार उघडून तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "दिसलं ना?"

तिनं आम्हाला बसवलं आणि एकेक सांगायला लागली. वर्गात प्रमेय सिद्ध करताना मध्येच पुढची पायरी गेली, असं दोनदा झालं. म्हणून तिनं दहावी सोडून पाचवीचा वर्ग मागून घेतला. आम्ही सगळे म्हणालो होतो, निवृत्ती जवळ आली, लहान पोरांत रमते बिचारी. पंचवटीत भाजी घेऊन निघाल्यावर स्कूटीवर बसल्या बसल्या कुठल्या दिशेला जायचं ते कळेना. अर्धा तास ती तिथेच उभी होती. दुसऱ्याच दिवशी स्कूटी विकायला काढली. गुडघ्यांना काहीच झालेलं नव्हतं.

मग तिनं मोबाइल पुढे केला आणि इअरफोन माझ्या हातात दिले. म्हणाली, गाणी ऐक माझी. मी कानात घातले. तिचाच आवाज होता, वर्गात शिकवतानाचा, सावकाश. "शाळेच्या गेटातून बाहेर ये. रिक्षावाल्याला कॉलनीचं नाव सांग. पूल ओलांडला की पेट्रोल पंप येतो. तो आला म्हणजे रस्ता बरोबर आहे. घाबरू नकोस." पुढचं मला ऐकवेना. वर्षभर दर रविवारी आम्ही तिच्यासमोर बसून जेवत होतो. हजारो मेंदू बघितलेला मी, आणि समोरच्या माणसाचं मला काही दिसलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच मी विचारलं.

"तोंडातून निघत नव्हतं रे," ती म्हणाली. "तू बोलावलंस तेव्हा वाटलं, फोटोत दिसलं तर मला सांगावं लागणार नाही."

बायको रडायला लागली. ताई उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी तिला पाच शब्द सांगितले, थोड्या वेळानं विचारीन म्हणाले. मग घड्याळ काढायला लावलं. तिनं कंपासनं काढावं तसं वर्तुळ काढलं, काटे अचूक. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, तर डॉक्टर मनात मोजेपर्यंत हिचं उत्तर तयार. माझ्या मनात आशा यायला लागली. मग त्यांनी ते पाच शब्द विचारले. ताईनं डोळे मिटले, पुन्हा उघडले. एकही आठवला नाही. शब्द सोडाच, असं काही सांगितलं होतं हेही तिला अंधुकच आठवत होतं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मी भीती बघितली. मला तर ते शब्द आजही पाठ आहेत.

थायरॉइड, बी ट्वेल्व्ह, सगळं रक्तातून तपासलं, ठीक निघालं. त्यातलं काही कमी निघावं म्हणून मी देवाला न मानणारा माणूस मनातल्या मनात विनवण्या करत होतो. शेवटी पेट स्कॅन झाला. शिरेतून साखरेसारखं औषध देतात आणि मेंदूचा कुठला भाग ते कमी वापरतो ते रंगांत दिसतं. कानशिलांच्या आणि मागच्या बाजूचे रंग दोन्हीकडे फिके पडले होते. डॉक्टरांनी सगळे कागद शेजारी शेजारी मांडले आणि अल्झायमर असल्याचं सांगितलं. सुरुवात आहे म्हणाले. औषधानं बरा होणार नाही, काही काळ थोडं सावरून धरता येईल. लवकर कळल्याचा उपयोग एवढाच की पुढचं अजून त्या स्वतः ठरवू शकतात.

ताईनं ठरवलं. मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन सांगितलं आणि स्वेच्छानिवृत्ती घेतली. विहारात सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, मला हा आजार आहे, मी चुकले तर सांभाळून घ्या, पण माझ्या मागे कुजबुजू नका. मग स्वतःचं घर आवरून आमच्याकडे राहायला आली. कुठली साडी कुणाला द्यायची तेही तिनंच सांगितलं.

आता ती सकाळचा चहा घेतल्याचं विसरते. माझ्या बायकोला कधी कधी आमच्या आईच्या नावानं हाक मारते. वंदना मात्र अजून एक शब्द न चुकता म्हणते. मागच्या महिन्यात तिनं मला जवळ बसवून विचारलं, "तू तुझा काढलास का रे फोटो?" डॉक्टर म्हणाले होते, भावंडाला धोका थोडा जास्त असतो, पण तुम्हाला काही त्रास नाही, आताच गरज नाही. तेच मी तिला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, चुकीचं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं तशी. मी रोज त्या मशीनपासून चार पावलांवर बसतो. अजून आत गेलेलो नाही.