चिंच-राखेनं घासलेला पत्रा

आमचे हे तळेगावच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर. पोरांना वांगी-पेरू काढायला शिकवायचे आणि घरी येऊन तांब्याच्या पत्र्यांशी खेळत बसायचे. मी करवादायची, "दिवा तुमच्या पत्र्याला, मेण तुमच्या पत्र्याला! देवापुढं काय लावू, माझं कपाळ?" हे नुसते हसायचे. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, काजळीनं काळा करायचा आणि सुईनं त्या मेणात चित्र ओढायचं. मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवला, की सुई फिरली तेवढंच तांबं खाल्लं जायचं. त्यात शाई भरून कागदावर छापायचं. छापून झालेले पत्रे मीच चिंच-राखेनं लख्ख घासायची. रेघ जरासुद्धा हलायची नाही.

सदतीस साली श्रीपादराव हवापालटाला लोणावळ्यास आले. यांचे बालमित्र. भाताच्या रोगांवर संशोधन करून विलायतेपर्यंत नाव झालेलं, पण आता छाती पार पोखरलेली. पेपरातला त्यांचा फोटो बघून हे म्हणायचे, "हा कॉलरवाला साहेब कोण? माझा श्रीपा यात नाहीच." तो आहे तोवर त्याचा चेहरा उतरवायचा, एवढंच यांनी धरलं. पाच रविवार गाडीनं गेले, समोर बसून थेट पत्र्यावरच काढलं. कागदावर एक रेघ नाही. पाचव्या रविवारी उंबऱ्यातूनच ओरडले, "अगं, सापडला श्रीपा!"

सोमवारी हे ॲसिड आणायला पुण्याला गेले. मी देवाची तांब्याची भांडी घासायला काढली, तर बाजूला हा पत्रा, काळाकुट्ट. मला वाटलं, काम झालं. सापडला म्हणाले ना! एवढ्या मोठ्या माणसाचं चित्र, ते असं काजळलेलं का ठेवायचं? कढत पाणी ओतलं, चिंच लावली, राखेनं खसाखसा घासलं. पत्रा लखलखला. रेघ एकही नव्हती. ॲसिड अजून लागलंच नव्हतं; रेघा होत्या त्या नुसत्या मेणात.

हे आले. बाटली खाली ठेवली, पत्रा उजेडात धरून पाहिला.

"ओरडा हो माझ्यावर," मी रडत म्हटलं.

"रविवारी पुन्हा जाईन," एवढंच म्हणाले.

श्रीपादराव शुक्रवारी गेले.

पुढं यांनी आठवणीतून कितीदा काढून पाहिलं. कपाळ यायचं, नाक यायचं. श्रीपा काही येईना.

तेरावं झाल्यावर पुण्याहून श्रीपादरावांच्या कचेरीतले तिघे आले. "आमचा मास्तर, केशव, माझं चित्र काढतोय," असं श्रीपादरावांनीच त्यांना कौतुकानं सांगितलं होतं. शोकसभेसाठी ते हवं होतं.

"माझ्या हातून नासलं," हे म्हणाले. "ॲसिड जास्त झालं."

त्यातला एक फाडकन बोलला, "केशवराव, मित्राच्या शेवटच्या कामातही हयगय?"

यांनी मान खाली घातली. मी दाराआड चहा घेऊन उभी होते. "मी घासला" एवढं बोलायला माझी मेलीची जीभ उचलली नाही.

हे त्रेचाळीस साली गेले. परवा बाजारात एकीनं दुसरीला माझी ओळख करून दिली, "या केशवमास्तरांच्या. मित्राचं चित्र नासवलं ना, ते मास्तर."

मी परवाही काही बोलले नाही.