डंपावरची भेग

गोकुळदास गावसला रिकामं बसलेलं पाळी गावात कुणी पाहिलं नव्हतं. खाण चालू होती तेव्हा तो तिथे माती उपसायचं मोठं यंत्र चालवायचा. खाण बंद पडल्यावर तो बागायतीकडे वळला आणि उरल्या वेळात लोकांचे पंप दुरुस्त करून देऊ लागला. त्याला आळशी म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्याच्या घरामागे खाणीचा डंप होता. लोखंडाचा दगड वेगळा काढून झाल्यावर टाकून दिलेली लाल माती साचत साचत टेकडीएवढी झालेली, वर दाट झाडी माजलेली. डंपाखाली दोनच घरं. एक त्याचं, दुसरं सखारामचं. सखाराम त्याचा लहानपणापासूनचा सोबती. बायको वारलेली, मुलगी शिरगावला दिलेली. नोकरीतून सुटल्यावर त्याने इथे नवीन घर बांधायचं ठरवलं, तेव्हा गोकुळदासला डंपाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ह्यो खाली येवचो नाय मां रे?"

"माझ्या हातान घातलेली माती ती," गोकुळदास छातीवर हात ठेवून म्हणाला होता. "खुशाल बांध."

आषाढात एका सकाळी सुटलेल्या वासराला शोधत गोकुळदास डंपावर चढला. वासरू सापडलं. पण ते चरत होतं त्याच्या पलीकडे जमीन फाटलेली दिसली. नांगराच्या तासासारखी लांबच लांब भेग, डंपाच्या कडेकडेने गेलेली. त्याने आत हात घातला. कोपर बुडालं तरी तळ लागेना. भेगेच्या खालच्या अंगाची झाडं दोन्ही घरांच्या बाजूला कलली होती. अशा मातीवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही.

खाली येताच त्याच्या बायकोने, मंजुळेने विचारलं, "गावलां वासरू?"

"गावलां," तो म्हणाला आणि चहा प्यायला बसला.

उद्या पंचायतीत सांगू, असं त्याने मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाऊस फार होता. त्याच्या पुढच्या दिवशी सरपंच बाहेरगावी गेल्याचं कळलं आणि त्याला चक्क हलकं वाटलं. मग त्याने भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवली आणि रोज वर जाऊन अंतर पाहू लागला. पाहून आलं की आपण काहीतरी केलं असं वाटायचं. तेवढ्यावर तो दिवस निघून जायचा. काठ्या मात्र एकमेकींपासून दूर सरकत होत्या.

सखाराम अंगणात दिसला की गोकुळदास मागच्या दाराने बाहेर पडू लागला. सांगायचं म्हणजे नुसती भेग सांगायची नव्हती. खुशाल बांध म्हणालो ते चुकलं, हे सांगायचं होतं. ते शब्द घशाशी येत आणि तो लगेच दुसरं एखादं काम काढी. त्याने गोठ्याची जमीन नव्याने घातली. कोयते पाजळले. तुळशीवृंदावनाला रंग दिला. चवथ जवळ आली तशी गणपतीवर टांगायच्या माटोळीची लाकडी चौकटही धुऊनपुसून तयार केली. चवथीला त्याचे भाऊ, पुतणे, सुना, पोरं, सगळे त्याच घरात जमणार होते. आता विहिरीचं पाणी लालसर यायला लागलं होतं. मागचं दार चौकटीत अडकू लागलं होतं. गोकुळदासने रंधा घेऊन ते दार तासलं.

तो दार तासत असताना मंजुळा मागे येऊन उभी राहिली.

"काय झालां तुमका?"

"काय नाय. दार फुगलां पावसान."

"दाराचां विचारूक नाय मी." ती खाली बसली. "मामंजी बांबोळीच्या हॉस्पिटलात होते, डॉक्टरान तुमका बोलावून घेतलेलां. त्या दिवशी तुमी विहिरीतलो गाळ काढीत बसलात. सांजेक ते गेले. तुमी असां कामाक लागलात, की माका भंय वाटता."

गोकुळदासचा रंधा थांबला. बाप जगणार नाही हे ऐकायचं नव्हतं म्हणून आपण तेव्हा गेलो नव्हतो, हे त्याने स्वतःशीसुद्धा कधी कबूल केलं नव्हतं. आपण दिवसभर राबतो ते कशापासून पळण्यासाठी, हे बायकोला इतकी वर्षं दिसत होतं.

त्याने सगळं सांगितलं. मंजुळेचा चेहरा उतरला, पण तिने आकांत केला नाही.

"चवथीचां मागीर बघूया. पंचायतीचांय मागीर. आदी सखारामभावजींच्या दारात चला. तितकांच करूया."

दोघं अंगण ओलांडून गेली. सखाराम पडवीत सुपारी कातरत होता. गोकुळदासने बसायच्या आधीच बोलून टाकलं. "डंप फुटलोसा. मी सांगितलेलां तां चुकलां."

सखारामने अडकित्ता खाली ठेवला. "कधी बघितलंस?"

कालच, असं सांगता आलं असतं.

"आषाढात."

"आषाढात," सखाराम म्हणाला. मग उठून आत गेला आणि पेटी भरू लागला.

पुढची कामं भराभर झाली. पंचायतीची माणसं येऊन वर बघून गेली आणि घरं रिकामी करायला सांगून गेली. गणपती मंजुळेच्या भावाकडे बसवायचं ठरलं, गोकुळदास आणि मंजुळाही तिकडेच राहायला गेली. भाऊबंद कुरकुरले, कुणी तोंडावर हसलंही. सखाराम मुलीकडे शिरगावला गेला. त्याची गाय मात्र तेवढी राहिली. ती व्यायला टेकली होती, टेम्पोत चढेना. व्याली की नेऊ, तोवर सकाळ-संध्याकाळ येऊन चारा घालू, असं ठरलं. आषाढात नेली असती तर ती टुणकन चढली असती, हे गोकुळदासला कळत होतं.

चवथीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, डंप खाली आला. मोठा आवाज झाला नाही असं रस्त्यावरचे लोक सांगतात. झाडं उभीच्या उभी पुढे चालत आल्यासारखी दिसली म्हणे. सखारामचं नवं घर आणि गोठा दोन्ही गेले. गोकुळदासचं स्वयंपाकघर मातीत भरलं, पुढचा भाग राहिला. गाय सापडली नाही. माणूस एकही गेला नाही.

आता गोकुळदास आणि मंजुळा डिचोलीत भाड्याच्या घरात राहतात. सखाराम त्याच्याशी कामापुरतं बोलतो. डंपाचा अर्धा भाग अजून तसाच उभा आहे आणि त्याच्या पायथ्याशी रस्ता आहे. मुलांची शाळेची बस त्याच रस्त्याने जाते.

गेल्या पावसात तिथून जाताना गोकुळदासला पायथ्यातून लाल पाणी झिरपताना दिसलं. गाडी पुढे न्यावी, घरी जाऊन दुरुस्तीला आलेला एखादा पंप उघडून बसावं, असं त्याला फार वाटलं. त्याने गाडी कडेला लावली आणि तिथूनच पंचायतीला फोन लावला. शाळेची बस यायची वेळ झाली होती. तो फोन कानाला धरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला.