पलीकडच्या खाटेवरची

दवाखान्यात बाळंत होणारी आमच्या घरातली मी पहिली सून. साखरखेर्ड्याहून मेहकरला दमणीत बसून निघाले, तेव्हा जुन्या लुगड्यांची धडपी आणि डिंकाचे लाडू बरोबर होतेच. शिवाय एक निश्चयही होता. कळा कितीही येवोत, तोंडातून ब्र काढायचा नाही. पाटलांच्या घरची ना मी!

पलीकडच्या खाटेवर दुसरबीडची एक मुसलमान बाई होती. तिचं हे चौथं बाळंतपण. कळ आली की ती खाटेचा गज धरून मोकळ्या गळ्याने ओरडायची आणि ओसरली की निवांत सुपारी कातरायची. मी पदर दातांत धरून तिच्याकडे तुच्छतेने बघत होते.

"बाई, तोंड दाबून काऊन पडून राह्यली? तुही सासू तं गावाकडं हाये. वरड ना! बाईले वरडाले येवढीच जागा हाये."

दुपारी माझा निश्चय संपला. नागपूरहून शिकून आलेली नर्सबाईसुद्धा दचकली. आणि मी ओरडत काय होते, तर ह्यांचं नाव! लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. आता मागेपुढे शिव्या लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे मुलगी बघायला आले, दारातच अवघडून उभे राहिले. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने पदर पुढे ओढला आणि ह्यांना चक्क नावाने हाक मारून म्हणाली, "या ना आत! लय आठवण काढली तुमची हिनं."

मी भिंतीकडे तोंड फिरवलं.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आणि तिच्यादेखत बेंबीच्या देठापासून घेतलेलं ते नाव अजून मला कागदावर लिहवत नाही.